अमूर्त कला आणि समुद्राची लाट

अमूर्त कलेविषयीं आपल्याकडे जो वाद चालतो, तो बहुधा चित्रकारापुरताच चालतो. रंग, रेषा व आकार यांपलीकडे ज्यांत कशाचेंहि दर्शन नाहीं, त्याला चित्र म्हणावें कीं नाहीं, ह्या प्रश्नावर दोन्ही पक्षांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. परंतु हाच प्रश्न छायाचित्राच्या बाबतींत उपस्थित केला म्हणजे त्याला निराळेंच वळण लागतें. चित्रकाराला समोर कांहीं नसतांहि चित्र काढतां येतें. छायाचित्रकाराला तसें करतां येत नाहीं. भिंगासमोर कांहीं तरी असावेंच लागतें, आणि जें समोर असतें त्याचाच प्रकाश आंत उमटतो. असें असतां छायाचित्र अमूर्त कसें होणार? आणि समजा झालें, तर समोरच्या वस्तूला तें कोणत्या अधिकारानें विसरतें? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. हे दोन्ही प्रश्न आम्हांला एकाच उदाहरणावर घांसून पाहावयाचे आहेत, आणि तें उदाहरण म्हणजे समुद्राच्या लाटेचें छायाचित्र.

हें उदाहरण आम्हीं मुद्दाम निवडलें आहे. लाटांचीं छायाचित्रें आज प्रदर्शनांत, दिनदर्शिकांवर, कचेऱ्यांच्या व रुग्णालयांच्या भिंतींवर, इतकेंच काय पण सामान्य गृहस्थाच्या दिवाणखान्यांतहि आढळतात. त्यांतील कित्येकांत किनारा नसतो, होडी नसते, पक्षी नसतो, क्षितिजहि नसतें. चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाण्याचाच एक तुकडा असतो. पण तो पाण्याचा आहे हें पाहणाराच्या प्रथम ध्यानांत येत नाहीं. कोणाला तो शिरांनीं भरलेला संगमरवराचा चिरा वाटतो, कोणाला बर्फानें झांकलेली डोंगराची कड, कोणाला चुरगळलेल्या रेशमी वस्त्राची घडी. ‘हें आहे तरी काय?’ असा प्रश्न ओठांवर येतो. ‘लाट आहे’ असें उत्तर मिळालें कीं मनुष्य सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. नांव कळलें म्हणजे पाहणें संपलें, अशी आपली समजूत असते. छायाचित्रकाराची इच्छा अगदीं उलट असते. नांव कळण्यापूर्वींच्या त्या दोन क्षणांत जें पाहिलें गेलें, तेंच त्याला दाखवावयाचें असतें.

ही इच्छा आजची नाहीं. गुस्ताव्ह ल ग्रे ह्या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं जीं चित्रें घेतलीं, त्यांनीं त्या काळच्या लोकांस चकित करून सोडलें. त्या वेळच्या कलोडियनच्या पट्टिका निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होत. समुद्र नीट उमटावा तों आकाश पांढरें फटक पडे. तेव्हां ल ग्रे ह्यानें कित्येक चित्रांत आकाशाची एक व समुद्राची दुसरी अशा दोन पट्टिका घेऊन त्या क्षितिजाच्या रेषेवर जुळविल्या. सेत येथील मोठ्या लाटेचें त्याचें १८५७ चें प्रसिद्ध चित्र ह्याच रीतीचें आहे. म्हणजे छायाचित्र जन्मतः सत्यवादी होतें आणि पुढें कलावंतांनीं त्याला बिघडविलें, ही समजूत इतिहासाला धरून नाहीं.

पुढें १९१७ सालीं आल्विन लँगडन कोबर्न ह्यानें तीन आरसे त्रिकोणांत बसवून त्यांतून वस्तूंचीं तुकडे तुकडे झालेलीं रूपें टिपलीं, आणि छायाचित्रालाहि वस्तूच्या दास्यांतून मोकळें होतां येतें हें दाखविण्याचा यत्न केला. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ ह्या अमेरिकन छायाचित्रकारानें १९२२ मध्यें ढगांचीं चित्रें घेण्यास आरंभ केला. त्याच्या चित्रांचें सामर्थ्य चित्रविषय झालेल्या माणसांवर चालणाऱ्या त्याच्या प्रभावांत आहे, असें एका टीकाकारानें सुचविलें होतें. ढगांवर कोणाचा प्रभाव चालणार? शिवाय ढग सर्वांना सारखेच व फुकट उपलब्ध. म्हणून त्यानें ढग निवडले. पुढें ह्या चित्रांना त्यानें ‘समतुल्य’ अशा अर्थाचें नांव दिलें. ढगाचें हें रूप मनाच्या एका अवस्थेशीं तुल्य आहे, एवढेंच त्याचें म्हणणें. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोटो ह्यांनीं १९८० पासून जगांतील निरनिराळ्या समुद्रांचीं चित्रें एकाच बेतानें घेतलीं आहेत. वर अर्धें आकाश, खालीं अर्धें पाणी, मधोमध क्षितिजाची रेषा; दुसरें कांहीं नाहीं. आदिमानवानें जें पाहिलें असेल तेंच आजच्या मनुष्याला पाहतां येईल काय, हा त्यांचा प्रश्न.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. स्टीग्लिट्झनें ढगाचें नांवगांव पुसून टाकलें. सुगिमोटो मात्र आपल्या चित्राला समुद्राचें नांव, स्थळ व वर्ष हेंच शीर्षक देतात. दोन समुद्रांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर कोणतें कोठलें हें नुसत्या डोळ्यांनीं सांगणें कठीण. तरीहि नांव आहेच. ह्या नांवाचें प्रयोजन काय, त्याकडे आम्ही पुढें वळूं.

छायाचित्रकार वस्तूला अमूर्त करतो म्हणजे नेमकें काय करतो? चित्रकाराजवळ गाळण्याचें स्वातंत्र्य असतें. लाटेवरील फेंस त्याला नको असेल, तर तो काढीत नाहीं. छायाचित्रकाराच्या चौकटींत मात्र प्रत्येक थेंब आपली हजेरी लावून जातो. त्याच्या हातीं मुख्यत्वेंकरून तीन साधनें असतात. पहिलें साधन चौकट. किनारा, माणूस व होडी हीं बाहेर ठेवलीं म्हणजे मापच नाहींसें होतें, आणि वीतभर उंचीची लहर व दोन पुरुष उंचीची लाट एकसारखी दिसूं लागते. दुसरें साधन काल. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत घेतलेल्या चित्रांत पाणी कांचेसारखें गोठतें, आणि भिंगाची झडप दोनतीन मिनिटें उघडी ठेवली तर त्याच पाण्याचें धुकें होतें. तिसरें साधन प्रकाश. सूर्य तिरपा असतां लाटेच्या पाठीवर ज्या छाया पडतात, त्या भर दुपारीं पुसल्या जातात. आणि रंग काढून केवळ काळें-पांढरें ठेवलें म्हणजे पाण्याची पाणी म्हणून असलेली ओळखहि अर्धीअधिक कमी होते.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग हें सारें खोटेंच नव्हे काय? गोठलेली लाट कोणी डोळ्यांनीं पाहिली आहे? पाण्याचें धुकें झालेलें कोणी पाहिलें आहे? ह्या शंकेला एका शास्त्रज्ञाची हकीकत चांगलें उत्तर देते. आर्थर वर्दिंग्टन हा इंग्रज पदार्थविज्ञानवेत्ता, थेंब पडला असतां जो शिंतोडा उडतो त्याच्या आकाराचा अभ्यास करीत असे. अंधाऱ्या खोलींत थेंब सोडावयाचा, ठरलेल्या क्षणीं विजेची ठिणगी पाडावयाची, आणि त्या क्षणभराच्या उजेडांत डोळ्यांवर जें रूप उमटेल तें लागलेंच कागदावर काढावयाचें, हा त्याचा क्रम वर्षानुवर्षें चालला होता. त्याच्या रेखाचित्रांतील शिंतोडे मुकुटासारखे घाटदार व चहूंकडून सारखे असत. पुढें १८९४ च्या सुमारास त्याला त्याच क्षणांचीं छायाचित्रें घेतां आलीं. पाहतो तों मुकुट वांकडे, तुटके, एका अंगाला झुकलेले! मागचीं टिपणें काढून पाहतां त्याला आढळून आलें कीं, असले वांकडे मुकुट त्याच्या डोळ्यांनाहि दिसलेले होते. पण मनानें ते अपवाद म्हणून बाजूस सारले होते आणि आदर्श तेवढा कागदावर उतरविला होता. त्यानें ही गोष्ट पुढें मोकळेपणानें नमूद केली. त्याचें ह्या विषयावरील मोठें पुस्तक १९०८ सालीं प्रसिद्ध झालें.

ह्या हकीकतीचा अर्थ आमच्या मतें मोठा आहे. वस्तूला गाळून, सारखी करून, तिचा सारांश काढणारा पहिला कलावंत म्हणजे आपला स्वतःचा डोळा. हजारों लाटा पाहून आपण मनांत एकच लाट सांठवितों, आणि पुढें समुद्रावर गेलों कीं त्या सांठविलेल्या लाटेलाच भेटून परत येतों. छायाचित्र ह्या व्यवहारांत अडथळा आणतें. तें आपल्यापुढें ठेवतें ती लाट ‘लाट’ ह्या जातीची प्रतिनिधि नसते. एका विवक्षित क्षणीं उठलेली, पुन्हां कधींहि न उठणारी अशी ती एकटी असते. ज्याला आपण अमूर्त म्हणून नांवें ठेवतों, तें चित्र ह्या दृष्टीनें पाहिलें तर आपल्या नेहमींच्या पाहण्याहून अधिक मूर्त आहे.

घोटाळा थोडासा शब्दाचाहि आहे. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ ह्या शब्दासाठीं आपण ‘अमूर्त’ हा शब्द योजतों, आणि त्यामुळें मूर्ति नसलेलें, आकार नसलेलें असा कांहींसा बोध होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ओढून बाजूस काढणें’ एवढाच आहे. मग विचारावयाचें तें असें: लाटेच्या छायाचित्रांत कशापासून काय बाजूस काढलें गेलें? पाणी काढलेलें नाहीं, आकार काढलेला नाहीं, प्रकाश काढलेला नाहीं. काढला गेला आहे तो आपला लाटेशीं असलेला व्यवहार. तिचें नांव, तिचें माप, तिचा उपयोग आणि तिचें भय हीं चार बाजूस सारलीं, म्हणजे जें उरतें तें हें चित्र होय. पहिल्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें असें आहे. आतां दुसरा प्रश्न अधिक स्पष्ट होईल. ह्या चारांपैकीं कोणतें बाजूस सारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि कोणतें सारण्याचा नाहीं?

परंतु त्यापूर्वीं लाट ही वस्तु काय आहे हें थोडें पाहिलें पाहिजे. कारण आमच्या प्रश्नाचें रहस्य कांहीं अंशीं तिच्या प्रकृतींतच आहे. खोल समुद्रांत लाट पुढें जाते तेव्हां पाणी तिच्याबरोबर फारसें जात नाहीं. पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ वर्तुळांत फिरून आपल्या जागीं परत येतो. पुढें सरकतो तो आकार. ही हालचालहि वरवरची असते. दोन लाटांमधील अंतराच्या निम्म्याइतकें खोल गेलें कीं ती जवळजवळ थांबलेली आढळते. असें असून हा निव्वळ आकार केवढा प्रवास करतो! १९६३ सालीं वॉल्टर मंक व त्याचे सहकारी ह्यांनीं पॅसिफिक महासागरांत ठिकठिकाणीं मापनकेंद्रें मांडून, दक्षिण ध्रुवाकडील वादळांत उठलेल्या लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढला. दहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून त्या लाटा तेथें पोंचल्या होत्या, आणि त्यांतील एकहि थेंब त्या वादळाच्या ठिकाणचा नव्हता. समुद्र व तरंग हा आपल्या वेदान्त्यांचा फार जुना दृष्टान्त आहे. तरंग म्हणजे नामरूप, पाणी म्हणजे तत्त्व, असें ते सांगत आले. पदार्थविज्ञान ह्या दृष्टान्ताला आपल्या परीनें दुजोराच देतें. लाट ही द्रव्यावांचून चालणारें रूप आहे. तेव्हां ‘छायाचित्रकारानें रूप घेतलें व वस्तु टाकली’ हा आक्षेप लाटेच्या बाबतींत तितकासा लागू पडत नाहीं. ओढून बाजूस काढण्याचें काम निसर्गानेंच आधीं करून ठेविलें आहे.

मात्र हें खोल समुद्रांतलें झालें. किनारा जवळ आला, पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा-दीडपट उरली, म्हणजे तिचें पाऊल अडखळतें, माथा पुढें झुकतो आणि लाट फुटते. त्या क्षणीं कणांचीं वर्तुळें मोडतात व पाणी स्वतः पुढें धांवतें. खोल समुद्रांत जें रूप होतें त्याला किनाऱ्याशीं देह येतो, आणि तो देह घाव घालतो. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ भूकंप होऊन जी लाट निघाली, तिची जात साध्या लाटेहून निराळी होती. भर समुद्रांत तिची उंची मीटरभरहि नव्हती. वरून गेलेल्या जहाजाला ती जाणवलीहि नसती. तीच लाट किनाऱ्यांवर चढली तेव्हां सव्वादोन लाखांहून अधिक माणसें मरण पावलीं. एकट्या नागपट्टणम् जिल्ह्यांत सहा हजारांवर. आणि आपल्या लोकांना सुमात्रापर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट पावसाळी वादळांत सांपडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक उतारू प्राणांस मुकले. स्वातंत्र्याला एक महिना उरला असतां कुलाबा जिल्ह्यांतील कितीएक घरांत त्या दिवशीं अंधार झाला. त्या घरांतील मनुष्यापुढें लाटेचें चित्र ठेवून ‘ह्यांतील वक्ररेषा पाहा’ असें म्हणण्याची छाती कोणाला होईल?

हा आक्षेप हलक्या हातानें बाजूस सारण्यासारखा नाहीं. सौंदर्यशास्त्राच्या इतिहासांत समुद्राचें उदाहरण वारंवार येतें, आणि दर वेळीं त्याबरोबर ही अडचणहि येते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन कवि ल्युक्रीशियस ह्यानें आपल्या काव्याच्या दुसऱ्या सर्गाचा आरंभच असा केला आहे कीं, वादळांत झगडणारा दुसरा मनुष्य किनाऱ्यावरून पाहणें गोड वाटतें. दुसऱ्याच्या दुःखाचा आनंद म्हणून नव्हे, तर त्या दुःखांतून आपण मोकळे आहों म्हणून, असा खुलासाहि त्यानें केला आहे. कान्टनें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें कीं, समुद्राचें भव्यपण अनुभवावयाचें तर जलचरांचें घर, मेघांचा सांठा असलें ज्ञान दूर ठेवून, कवि पाहतात तसें केवळ डोळ्यांना दिसेल तेंच पाहिलें पाहिजे. पण त्यानेंच दुसऱ्या ठिकाणीं एक अट घातली आहे. खवळलेला सागर आपल्याला ओढून घेतो तो आपण सुरक्षित जागीं असलों तरच. म्हणजे जलचर विसरा, मेघ विसरा. पण आपण किनाऱ्यावर आहों हें मात्र विसरूं नका! एडवर्ड बुलो ह्यानें १९१२ सालच्या आपल्या निबंधांत समुद्रांतील धुक्याचें उदाहरण घेतलें. जहाजावरील उतारूंना तें धुकें भयंकर वाटतें. पण त्याच जहाजावर, त्याच धोक्यांत असतांना, एखाद्याचें मन क्षणभर व्यवहारापासून सुटतें आणि त्याला धुक्याच्या दुधाळ पडद्याचें अपूर्व रूप दिसतें. ह्या सुटण्याला त्यानें मानसिक अंतर असें नांव दिलें.

ह्या तिघांत आम्हांला बुलोचें उदाहरण नीतीच्या दृष्टीनें सरस वाटतें, आणि त्याचें कारण साधें आहे. ल्युक्रीशियसचा प्रेक्षक किनाऱ्यावर आहे, कान्टचाहि सुरक्षित जागीं आहे; बुलोचा प्रेक्षक जहाजावर आहे. त्याचें अंतर त्याला जागेनें फुकट मिळालेलें नाहीं, तें त्यानें मनानें मिळविलें आहे. धोका त्याच्या वांट्याचाहि आहे, आणि तो त्याला ठाऊक आहे.

आतां रूपवाद्यांचें म्हणणें पाहूं. क्लाइव्ह बेल ह्यानें १९१४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, कलेचा आस्वाद घेण्यास व्यवहारांतील भावना व ज्ञान ह्यांची गरज नाहीं. अर्थपूर्ण रूप ओळखतां आलें म्हणजे पुरे. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकर ह्यांनीं संवाद, विरोध व समतोल ह्या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली; त्यांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. लाटेच्या छायाचित्राला हीं तत्त्वें फार चांगलीं लागू पडतात, हें कबूल केलें पाहिजे. एक वक्र दुसऱ्याला साद घालतो हा संवाद. काळ्या पोटाविरुद्ध पांढरा माथा हा विरोध. आणि सारें कोसळण्याच्या बेतांत असून न कोसळलेलें, हा समतोल. परंतु एक प्रयोग मनांत करून पाहावा. भिंतीवर लाटेचें एक सुंदर चित्र आहे; आपण तें पुष्कळ वेळ पाहिलें, आनंद झाला. मग कोणी येऊन सांगितलें कीं, ही लाट २६ डिसेंबर २००४ ची आहे. चित्रांतील एक रेषाहि बदललेली नाहीं, आणि तरी आपली मान खालीं जाते. हें असें कां व्हावें? केवळ रूपच सर्व कांहीं असेल, तर ह्या माहितीनें कांहींच बदलावयास नको. रूपवादी म्हणेल, हा प्रेक्षकाचा दुबळेपणा. नीतिवादी म्हणेल, म्हणजे मघांचा आनंदच खोटा होता. आम्हांला दोन्ही मतें मान्य नाहींत. मघांचा आनंद खरा होता, रेषा अजूनहि सुंदरच आहे. बदलला तो आपला अधिकार. जें भय बाजूस सारून आपण पाहात होतों तें आपलें होतें, तोंवर तें सारण्यास आपण मुखत्यार होतों. तें दुसऱ्याचें निघालें, तेव्हां त्याच्या संमतीवांचून तें बाजूस सारणें हें आपल्याला परक्याची ठेव वापरल्यासारखें वाटूं लागलें.

आपल्या रसशास्त्रानें ह्या बाबतींत एक सूक्ष्म विवेक केला आहे. भट्टनायकानें मांडलेली व अभिनवगुप्तानें विकसित केलेली साधारणीकरणाची कल्पना सांगते कीं, नाट्यांतील शोक पाहतांना तो माझा, मित्राचा, शत्रूचा किंवा परक्याचा असा कोणाचाच राहात नाहीं. येथेंहि अंतर आहे. पण ह्या अंतरांत गळतें तें ‘माझें-तुझें’. भाव गळत नाहीं. म्हणून तर पाहणाराला ‘सहृदय’ म्हटलें आहे. पाश्चात्य रूपवाद्याच्या प्रेक्षकाला डोळा असला म्हणजे झालें. आपल्या रसिकाला हृदय असावें लागतें. तटस्थता व उदासीनता हीं दोन निराळीं आहेत. तटस्थ हा शब्दच मोठा बोलका आहे. तटावर उभा असलेला तो तटस्थ. पण तटावर उभा राहून पाण्याकडे पाठ फिरविली, तर त्याला तटस्थ कोण म्हणेल?

येथें एक अगदीं निराळें उदाहरण आम्हांला सांगावेंसें वाटतें. पॅसिफिक महासागरांतील मार्शल बेटांवरचे नाविक पूर्वीं माडाच्या पातीच्या हिरांचे व काड्यांचे एक प्रकारचे नकाशे करीत. काड्या एकमेकींना बांधून वांकविलेल्या, आणि कोठें कोठें कवड्या-शिंपल्या अडकविलेल्या. ह्या वांकलेल्या काड्या म्हणजे लाटा. शिंपल्या म्हणजे बेटें. दूरवरून येणारी लाट बेटापाशीं कशी वळते, दोन बाजूंच्या लाटा कोठें भेटतात, हें त्यांत दाखविलेलें असे. त्यांतील एक प्रकार तर केवळ शिकविण्यासाठीं असे; त्यांत अमुक एक बेट नसे, नुसता लाटांच्या वळण्याचा नियम असे. नाविक हे नकाशे जमिनीवर पाठ करी आणि समुद्रांत नेत नसे. आधुनिक चित्रशाळेंत ती वस्तु टांगली, तर कोणीहि तिला अमूर्त कलाकृति म्हणेल, इतकी ती रेखीव असते. पण ती करणाराला रूपाकडे पाहाणें आणि जीव वांचविणें हीं दोन कामें नव्हतीं. आपल्या कोंकणपट्टीवरील कोळ्याचेंहि तसेंच आहे. पाण्याचा रंग, लाटेचा उठाव, फुटण्याची जागा हें सारें तो आपल्याहून कितीतरी बारकाईनें पाहतो. त्याला तो सौंदर्य म्हणत नसेल. कदाचित् म्हणतहि असेल, आपण त्याला कधीं विचारलेलें नाहीं. त्यानें भय बाजूस सारलें आहे तें भयाला पुरतें ओळखून. नारळी पौर्णिमेला तो समुद्राला नारळ देतो तो त्या ओळखीचाच नारळ असतो.

ह्यावरून आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हळूहळू आकार घेतें. एखादी गोष्ट बाजूस सारणें हा दोष नाहीं. जी कधीं जवळ घेतलीच नाहीं ती बाजूस सारल्याचा आव आणणें हा दोष आहे. आपल्याकडे त्यागाला मोठें मानलें आहे, पण त्यागाला आधीं कांहीं तरी जवळ असावें लागतें. दरिद्र्यानें संपत्तीचा त्याग केला असें कोणी म्हणत नाहीं. लाटेचें नांव, तिचें माप, तिचें भय हें सारें ओळखून, एका क्षणापुरतें तें खालीं ठेवून जो तिच्या रूपाकडे पाहतो, त्याचें अमूर्त हें त्यागांतून आलेलें आहे. ज्याला लाट म्हणजे भिंतीच्या रंगाला शोभणारा निळा डाग एवढेंच माहीत आहे, त्याचें अमूर्त हें अभावांतून आलेलें आहे. चित्र दोघांचें एकच असूं शकेल. पाहणें एक नाहीं.

कोणी विचारील कीं, मग काय लाटेचें चित्र पाहण्यापूर्वीं प्रत्येकानें पदार्थविज्ञान शिकावें आणि बुडालेल्यांची यादी वाचावी? तसें आमचें म्हणणें नाहीं. दमलेला मनुष्य रुग्णालयाच्या बांकावर बसून भिंतीवरील लाटेकडे पाहतो आणि त्याला दोन घटका विसांवा मिळतो. त्याचा हिशेब मागणारे आम्ही कोण? आम्ही एवढेंच म्हणतों कीं, चित्र पाहून झाल्यावर खऱ्या समुद्राकडे आपलें लक्ष अधिक जातें कीं कमी, ही एक कसोटी प्रत्येकाला स्वतःपुरती लावतां येईल. ज्या चित्रानें पुढची लाट पहिल्यानें पाहिल्यासारखी दिसते, त्यानें आपल्यापासून कांहीं काढून घेतलेलें नाहीं. ज्यानें समुद्र हा चित्रासारखा वाटूं लागतो, तें कितीहि सुरेख असलें तरी त्यानें आपल्याला थोडें आंधळें केलें असेंच म्हणावें लागेल.

सुगिमोटो ह्यांच्या चित्रांतील त्या नांवाचें प्रयोजनहि आतां आम्हांला दिसतें. आंत चौकटींत समुद्राला नांव नाहीं, माप नाहीं, काळ नाहीं. शीर्षकांत मात्र तो अमुक समुद्र, अमुक किनारा, अमुक वर्ष आहे. जें क्षणभर बाजूस ठेवलें, तें कोणाचें होतें व कोठून घेतलें होतें, ह्याची ती पोंच आहे. अमूर्त छायाचित्र काढणारानें एवढी पोंच देणें हें आम्हांला उचित वाटतें. त्यानें रूपाचें कांहीं उणें होत नाहीं, आणि पाहणाराला परतीची वाट मोकळी राहते.

राहिला तो रेवसच्या वाटेवर आपलें माणूस गमावलेला मनुष्य. तो जर लाटेच्या चित्रापुढून मान फिरवून निघून गेला, तर त्याला अरसिक म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. लाटेविषयीं त्याला आपल्याहून अधिक ठाऊक आहे, आणि तें खालीं ठेवावें कीं न ठेवावें हें त्यानें ठरवावयाचें आहे. पण समजा, कितीएक वर्षांनीं तोच एखाद्या चित्रापुढें थांबला, आणि भीतीनें नव्हे व विसरूनहि नव्हे, तर सर्व आठवत असतांना त्यानें त्या पाण्याच्या उठावाकडे शांतपणें पाहिलें, तर त्या वेळीं त्याला जें दिसेल तें आपल्या दिवाणखान्यांत बसून आपल्याला दिसणार नाहीं. अमूर्त कलेचा खरा प्रेक्षक आम्ही त्याला मानूं, आणि त्याच्या शेजारीं उभे राहतांना आपला आवाज थोडा खालीं आणूं.